एकशे तीन ताप आणि तिसरा प्रयत्न

माझ्या ऑफिसच्या दारावर ‘एन. पेटरसन’ एवढीच पाटी होती. त्यातला ‘एन’ म्हणजे नीलिमा आणि ती नीलिमा मूळची अकोल्याची, हे बाहेर रांगेत उभ्या असलेल्या मुलांना कळायचं काही कारण नव्हतं. मला पाहून मुलं श्रीलंका, मॉरिशस, फार तर केरळपर्यंत अंदाज बांधायची, अकोल्यापर्यंत कुणी पोचलं नाही. त्यामुळे चोवीस वर्षं माझ्याबद्दलची मतं मला दाराआडून अगदी अस्सल मराठीत ऐकायला मिळाली. ‘बाई खडूस आहे’ हे त्यातलं सगळ्यात सौम्य. ‘दिसते आपल्या मावशीसारखी आणि वागते मात्र टिपिकल जर्मन,’ असं एकदा एक मुलगी म्हणाली, तेव्हा मी फायलीमागे तोंड लपवून पोटभर हसले होते.

नोकरी कसली, तर विद्यापीठाच्या परीक्षा विभागातली. इथे त्याला प्रुफुंग्सआम्ट म्हणतात. आमचं गाव जर्मनीच्या अगदी वरच्या टोकाला, बाल्टिक समुद्राच्या काठी. म्युनिकला गेलेल्या मुलांना आल्प्स दिसतो, आमच्याकडे आलेल्यांना वारा दिसतो. हो, दिसतो. सायकलवरून सरळ जाणारं माणूस अचानक तिरकं जाऊ लागलं की समजायचं, वारा आला.

ऑक्टोबरात नवी बॅच यायची. अंगात पुण्याला घेतलेलं जाकीट, जे इथे सप्टेंबरातही पुरत नाही. चेहऱ्यावर उत्साह. नोव्हेंबर उजाडला की त्यातला निम्मा उत्साह गेलेला असायचा, कारण नोव्हेंबर मुळात उजाडतच नाही. चार वाजता दिवे लागतात. शुक्रवारी दुपारी जर्मन मुलं मळक्या कपड्यांच्या पिशव्या घेऊन आपापल्या आयांकडे निघून जातात आणि गावात उरतात ती परदेशी मुलं आणि समुद्रपक्षी. रविवारी दुकानं बंद. मग ही मुलं विद्यापीठाच्या लायब्ररीत जाऊन बसतात, थोडा अभ्यास म्हणून आणि बराचसा तिथलं हीटिंग चांगलं आहे म्हणून. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आठ जणांत दोन शेगड्या. त्यावर आपल्या मुलांनी आणलेला कुकर एकदा शिट्टी द्यायला लागला, तेव्हा मजल्यावरची सगळी जर्मन मुलं शिस्तीत खाली उतरून पार्किंगमध्ये रांगेत उभी राहिली होती. ही हकिकत मला कुणी सांगितली नाही, रांगेतल्या दोन मुलांच्या गप्पांतून कळली. माझं निम्मं ज्ञान असंच दाराआडून आलेलं.

आता मी स्वतः इथे कशी, ते दोन ओळींत सांगते. पुण्यात जर्मन शिकत असताना येन्स नावाचा एक उंच, अबोल मुलगा भेटला, त्याच्याशी लग्न केलं आणि त्याच्या गावी आले. पहिल्या हिवाळ्यात रोज रडले, दुसऱ्यात एक दिवसाआड, तिसऱ्यात नोकरी लागली. आमची लेक स्वरा मराठी सगळं समजते, उत्तर मात्र जर्मनमध्ये देते. एवढं पुरे. मला माझ्या कामाबद्दल सांगायचं आहे, कारण ते काम मी चांगलं केलं, असं मला वाटतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, परीक्षा विभाग म्हणजे गुण नोंदवणारे कारकून. गुण नोंदवणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. खरं काम नियमांचं. इथे परीक्षेला नाव नोंदवावं लागतं. नोंदवलं आणि मन बदललं, तर ठरावीक तारखेपर्यंत मागे घेता येतं. ती तारीख उलटल्यावर आला नाहीत, की नापास. आणि मुख्य म्हणजे एका विषयाला तीनच प्रयत्न. तिसऱ्यांदा नापास झालात, की विषय संपला, तो अभ्यासक्रम संपला, विद्यापीठातून नाव कमी. बरं, दुसऱ्या गावी जाऊन तोच अभ्यासक्रम पुन्हा सुरू करू म्हटलं, तर तेही नाही. आख्ख्या जर्मनीत नाही. विद्यार्थी नाही म्हटल्यावर विद्यार्थ्याचा व्हिसाही नाही.

आपली मुलं एटीकेटीच्या देशातून आलेली. विषय राहिला तर राहिला, पुढच्या वर्षी काढू, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. त्यांना पहिल्या आठवड्यात नियमावली मिळायची, चाळीस पानी, जर्मनमध्ये. ती कोण वाचतंय? पहिला प्रयत्न तर कितीतरी मुलं ‘पेपर कसा असतो ते बघून येऊ’ म्हणून वाया घालवायची. तिसऱ्या प्रयत्नाच्या आधी मात्र सगळ्यांना देव आठवायचा. एक मुलगा तर आमचे साहेब, हेर लोरेंझेन, यांच्या पाया पडायला वाकला. साहेबांना वाटलं, याचं काहीतरी खाली पडलं. तेही बिचारे वाकून टेबलाखाली शोधायला लागले. दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. मुलगा पास झाला, टेंगूळ साहेबांना आलं.

या लोरेंझेन साहेबांचं एक वाक्य होतं, ‘आम्ही माहिती देतो, सल्ला देत नाही.’ परीक्षेला बसा किंवा बसू नका, असं आम्ही कुणाला म्हणायचं नाही. नियम सांगायचा आणि निर्णय ज्याचा त्यानं घ्यायचा. त्या वाक्याला मी माझं एक जोडलं होतं: ऑफिसात मराठी बोलायचं नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पण रांगेत व्हिएतनामची मुलगी असते, कॅमेरूनचा मुलगा असतो. त्यांच्याशी मी जर्मनमध्ये बोलायचं आणि नगरच्या मुलाला मात्र ‘ये रे बाळा, बस’ म्हणायचं, हे मला पटायचं नाही. खिडकीसमोर सगळे सारखे. नोकरीत असेपर्यंत मी इथल्या मुलांच्या गणपतीलाही कधी गेले नाही. आरतीचा आवाज रस्त्यावरून जाताना ऐकायचा आणि सायकल तशीच पुढे न्यायची. मला या नियमाचा फार अभिमान होता. एका मुलानं त्याला पहिला तडा दिला.

त्या मुलाला मी इथे ओंकार म्हणते. हुशार, पण एका विषयात अडकलेला. अंगात ताप असताना त्यानं तिसरा प्रयत्न दिला, नापास झाला आणि निकाल लागल्यावर डॉक्टरचा कागद घेऊन माझ्या खिडकीशी आला. कागद खरा होता, तारीख पेपरच्याच दिवसाची होती. पण आमचा नियम असा की आजारी असाल तर पेपर सुरू व्हायच्या आधी थांबायचं आणि डॉक्टरचं आट्टेस्ट, म्हणजे सर्टिफिकेट, लगेच आणून द्यायचं. मग तो प्रयत्न धरत नाहीत. एकदा का पेपर लिहायला बसलात, की मी ठणठणीत आहे असं तुम्ही स्वतःच जाहीर केलं. नंतर आजार सांगता येत नाही. मी त्याला हे सगळं सांगितलं, परिच्छेद क्रमांकासह, उत्तम जर्मनमध्ये. त्याला निम्मं कळलं असेल. तो वळला आणि सोबतच्या मित्राला म्हणाला, ‘हे आधी कुणी सांगितलंच नाही यार. मला वाटलं, पेपर बुडवला तर संपलंच.’

मला प्रत्येक शब्द कळला आणि मी पुढचा नंबर पुकारला. महिन्याभरात तो परत गेला. मी नियमाप्रमाणे वागले, त्यात चूक काढायला जागा नव्हती. तरी पुढची काही वर्षं खिडकीशी तापलेल्या डोळ्यांचं कुणी आलं, की मला ओंकार दिसायचा. पेपरला बसण्याआधी तो एकदा जरी आला असता, तरी मी त्याला जर्मनमध्येच सांगितलं असतं, हे मला आतून ठाऊक होतं. ते जास्त लागायचं.

मग आली मयूरी नवले. जहाजबांधणीच्या मास्टर्सला, गाव संगमनेरच्या जवळ. एक फ्लुइड मेकॅनिक्स सोडलं, तर तिचे सगळे विषय निघालेले, प्रबंधसुद्धा झालेला. फ्लुइडला दोनदा नापास. फेब्रुवारीत तिसरा प्रयत्न होता. तिसऱ्या प्रयत्नवाल्यांची यादी परीक्षेच्या दिवशी माझ्या टेबलावर असायची, म्हणून नाव माहीत, चेहरा खिडकीवर पाहिलेला.

त्या सकाळी बर्फ नव्हता, नुसता वारा होता, जो बर्फापेक्षा वाईट. पेपर दहाला, वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये. नऊच्या सुमाराला माझ्या दाराबाहेर, हीटरला पाठ लावून, एक मुलगी जमिनीवर येऊन बसली. कानटोपी, मफलर, दोन जाकिटं, आणि तरी थरथरत होती. हातात मोजे असल्यामुळे फोन स्पीकरवर ठेवून मांडीवर टाकलेला. दार अर्धवट उघडं होतं.

‘बाबा, डोकं फार दुखतंय. वाचताना अक्षरं हलतायत.’

‘गोळी घेतलीस ना? मग झालं तर. दोन तासांचा तर प्रश्न आहे,’ पलीकडून खणखणीत आवाज आला. ‘मी टायफॉइडमध्ये बी.एड.चा पेपर दिलाय. दोघांनी धरून नेऊन बसवलं होतं मला. पेपर सोडायचा नसतो, बाळा.’

‘हो बाबा.’

‘आपल्या शाळेत काय शिकवतो आपण? हजर राहिला, त्यानं निम्मी लढाई मारली.’

‘हो बाबा.’

मी खुर्चीत बसून होते. आम्ही माहिती देतो, सल्ला देत नाही. मी उठले, जर्मनमधलं वाक्य मनात जुळवलं, दारापर्यंत गेले. तिनं मान वर केली. डोळे लाल, ओठ सुकून फुटलेले. आणि माझ्या तोंडून जे निघालं, ते त्या इमारतीत मी पहिल्यांदाच बोलत होते.

‘अगं, ऊठ. या अवस्थेत वर जाऊ नकोस.’

ती माझ्याकडे बघतच राहिली. ‘मॅडम... तुम्ही मराठी?’

‘ते नंतर. ताप किती आहे?’

‘माहीत नाही. रात्रभर थंडी वाजत होती. थर्मामीटर नाहीये रूमवर.’

‘कोण आहे गं तिथे?’ फोनमधून आवाज आला. ‘कोण बोलतंय?’

मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. चोवीस वर्षांत तेही पहिल्यांदाच. तिला नियम सांगितला, मराठीत, चार वाक्यांत. आता पेपर सुरू व्हायच्या आत डॉक्टरकडे गेलीस, तर हा प्रयत्न धरणार नाहीत, सप्टेंबरात पुन्हा बसता येईल. वर जाऊन बसलीस आणि नापास झालीस, तर पुढे काही नाही.

तिला हे माहीत नव्हतं. पण ऐकून तिचा चेहरा उजळला वगैरे नाही. उलट ती रडायलाच लागली.

‘मॅडम, एप्रिलमध्ये माझं जॉइनिंग आहे, ड्युसेलडॉर्फला. ते फक्त या एका निकालासाठी थांबलेत. सप्टेंबर म्हटलं, तर ते नाही थांबणार. आणि माझा अभ्यास झालाय. खरंच झालाय या वेळी. मी देते पेपर.’

‘बरोबर बोलतेय ती,’ वडील म्हणाले. ‘मॅडम, तुम्ही कोण ते मला माहीत नाही, पण ऐन वेळी मुलीचं मन कच्चं करू नका. मी हेडमास्तर आहे. अशी शेकडो पोरं मी पेपरला बसवलीत.’

घड्याळात सव्वानऊ होत आले होते. मला त्यांचा राग आला नाही, कारण माझे वडीलही असेच होते. आपल्याकडे पेपर चुकवणं म्हणजे पळून जाणं. आजाराचं नाव काढणं म्हणजे निमित्त शोधणं. आणि हेडमास्तरांना आजारात दोन तास बसण्यातला पराक्रम कळत होता, तो इथे पराक्रम धरत नाहीत हे कसं सांगायचं, तेच मला कळेना. मग एकदम सुचलं.

‘सर,’ मी म्हणाले, ‘पेपर वाटायच्या आधी इथे हॉलमध्ये मोठ्यानं विचारतात. परीक्षा देण्याइतकी कुणाची तब्येत ठीक नाही, असं आहे का? असेल त्यानं आत्ता सांगावं. तुमची मुलगी तेव्हा गप्प बसणार. बरोबर?’

‘म्हणजे?’

‘म्हणजे ती सगळ्यांसमोर सांगणार, की मी ठीक आहे. आणि ती ठीक नाही. इथे तापात पेपर देणं हे धैर्य नाही धरत, सर. इथे ते खोटं बोलणं आहे. आणि त्या खोट्यावर तिची सही असते.’

फोनमधून मागच्या मैदानावरचा मुलांचा गलका मला ऐकू यायला लागला. तिकडे शाळेची मधली सुट्टी असावी.

‘मयूरी,’ शेवटी ते म्हणाले. आवाज खाली आला होता. ‘बाई सांगतायत तसं कर. खोटं बोलून पेपर द्यायचा नाही आपण.’

‘बाबा, पण जॉब...’

‘खोटं बोलून नाही,’ ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

आता मयूरी उठेल तर शपथ. भिंत धरून उभी राहिली आणि पुन्हा बसली. डॉक्टरचा दवाखाना चौकापलीकडे, चालत दहा मिनिटं, पण या वाऱ्यात ही एकटी पोचली नसती. आणि मी ड्युटीवर. इथे दारातल्या मशीनला कार्ड लावून मिनिटामिनिटाचा हिशेब असतो. मी आत गेले, समोरच्या टेबलावरच्या माझ्या सहकारी फ्राऊ बेनकेला म्हटलं, मी जेवणाची सुट्टी आत्ता घेते.

‘सव्वानऊ वाजता?’ तिनं विचारलं.

‘भूक लागलीय,’ मी म्हणाले. कोट चढवला, मशीनला कार्ड लावलं. टुक् असा आवाज आला आणि पुढची पंचेचाळीस मिनिटं मी परीक्षा विभागाची फ्राऊ पेटरसन नव्हते. कायद्यानं मी एक अकोल्याची बाई होते आणि मला एका पोरीला दवाखान्यात न्यायचं होतं.

वाटेत आम्ही फार बोललो नाही. वारा समोरून होता. तिनं माझा दंड धरला होता आणि दोन जाकिटांच्या आतून तिचा ताप मला जाणवत होता. मध्येच म्हणाली, ‘मॅडम, मी पास झाले असते, तर?’ मी म्हटलं, ‘झाली असतीस, तर आयुष्यभर माझ्या नावानं बोटं मोड. चल.’ दवाखान्यात ताप निघाला एकोणचाळीस पॉइंट चार. आपल्या हिशेबात एकशे तीन. डॉक्टरीणबाई आमच्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, ‘आणि ही परीक्षा द्यायला निघाली होती?’ मयूरीला तिथेच खाटेवर झोपवलं, आट्टेस्ट कधी आणि कुठे द्यायचं ते तिला आणि रिसेप्शनिस्टला दोनदा सांगितलं आणि मी धावत निघाले. दहाला दोन मिनिटं कमी असताना कार्ड पुन्हा टुक्.

मग मी थेट लोरेंझेन साहेबांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. लपवायची मला सवय नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

‘तर मग, फ्राऊ पेटरसन. तुम्ही सल्ला दिलात.’

‘हो,’ मी म्हणाले. ‘दिला.’

‘सुट्टीच्या वेळात?’

‘नियम सांगितला तो ड्युटीवर. दवाखान्यात नेलं ते सुट्टीत.’

‘नियम सांगणं ही माहिती आहे. आणि सुट्टीत तुम्ही कुणाबरोबर फिरायला जाता, हा विद्यापीठाचा प्रश्न नाही.’ मग म्हणाले, ‘पण ती फाइल आता फ्राऊ बेनकेकडे जाईल. तुम्ही ती पुन्हा उघडायची नाही.’

‘गेनाऊ, अगदी बरोबर,’ मी म्हणाले. मीही तेच सांगणार होते. ज्या मुलीचा हात धरून चालले, तिचे कागद मी तपासायचे नाहीत, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

मी तेवढ्यावर थांबले नाही. त्याच आठवड्यात मी साहेबांच्या टेबलावर एक पानाचा मजकूर ठेवला. आजारी असाल तर काय करायचं, काय केलं तर काय होतं, साध्या वाक्यांत, एकही परिच्छेद क्रमांक न घालता. आणि त्याखाली विनंती, की हे मुलांच्या आपापल्या भाषांत छापावं. कायदा विभागानं त्यावर तीन महिने काथ्याकूट केला. पण लोरेंझेन साहेब त्यांच्या एका वाक्यावर ठाम राहिले, हा सल्ला नाही, माहिती आहे. शेवटी तो कागद अकरा भाषांत निघाला, भाषांतरं मुलांनीच केली. मराठी मी केलं. दारावर लागल्यावर पहिल्याच दिवशी दोन मुलं त्यापुढे थांबली आणि एक म्हणाला, ‘अरे, आत कुणीतरी मराठी आहे वाटतं!’ दुसरा म्हणाला, ‘ही खडूस बाई? शक्यच नाही.’ त्या कागदाचा मला आजही सगळ्यात जास्त अभिमान आहे, पगारवाढीपेक्षा नक्कीच जास्त. ओंकारसाठी तो काही वर्षं उशिरा निघाला.

एप्रिलमध्ये मयूरी मला मेन्साच्या जिन्यात भेटली, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीच्या. बारीक झाली होती.

‘जॉब गेला, मॅडम,’ ती म्हणाली. ‘त्यांनी दुसरा मुलगा घेतला.’

मी तिला जिन्याच्या कडेला घेतलं.

‘तो पेपर मी नंतर बघितला. पाचातले तीन प्रश्न मला येत होते.’ तिनं माझ्याकडे बघितलं नाही. ‘कदाचित झाले असते पास.’

‘असेल,’ मी म्हणाले.

ती जिना उतरून निघून गेली. नंतर कळलं, की ती एका बेकरीत पाव विकत होती, आठवड्यातले चार दिवस, आणि उरलेल्या वेळात लायब्ररीत असायची. मी तिला दुरून बघायची. उन्हाळ्यात आमचं गाव फार सुंदर होतं. मुलं समुद्रकाठी पडलेली असतात, रात्री साडेदहापर्यंत उजेड असतो, आणि ही पोरगी खिडकीकडे पाठ करून बसलेली. त्या पाच महिन्यांत माझी झोप नीट लागली नाही, हे कबूल करते. नियम मोडला असता, तर स्वतःला दोष देऊन मोकळी झाले असते. मी तर सगळं नियमात राहून केलं होतं आणि तरी एका मुलीची नोकरी माझ्यामुळे गेली होती. सप्टेंबरात ती नापास झाली, तर आधीच्या पेपरला ती पास झाली असती की नाही, हे कुणालाच कधी कळणार नव्हतं. मला तर नाहीच.

सप्टेंबरात पेपर झाला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला निकाल आमच्या सिस्टिममध्ये आले. माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर दोन क्लिकचं काम. तिचं नाव टाकायचं, एंटर दाबायचं. कुणाला कळलंही नसतं. फ्राऊ बेनके माझ्या समोरच बसायची, तिला निकाल माहीत होता. माझा चेहरा बघून तिला दया येत होती, हे मला दिसत होतं. एकदा तिनं तोंड उघडलंसुद्धा. मी हात वर केला, म्हटलं, ‘नको. सांगू नकोस.’ मी चोवीस वर्षं हजारो मुलांना सांगितलं होतं, की नियम म्हणजे नियम. माझ्या जिवाची घालमेल झाली म्हणून तो बदलत नाही. तिनं मान हलवली आणि मला कॉफी आणून दिली. असे तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी सकाळी फोन वाजला. नंबर भारतातला. आमच्या ऑफिसात भारतातून फोन येतो, तो आई-वडिलांचा आणि नेहमी एकाच गोष्टीसाठी. त्यांना मुलाचा निकाल हवा असतो आणि आम्हाला तो देता येत नाही. मूल सज्ञान आहे, त्याचे गुण त्याचे, बापालाही सांगायचे नाहीत. मी ठरलेलं वाक्य तयार ठेवून फोन उचलला.

‘नवले बोलतोय. मयूरीचा बाप. मॅडम, ओळखलंत ना?’

‘ओळखलं, सर. पण निकाल मला सांगता येणार नाही. इथला नियम आहे. आणि खरं सांगायचं, तर मला तो माहीतही नाही.’

‘माहीत नाही? निकाल तर तुमच्याच ऑफिसातून लागतो ना?’

‘लागतो. पण तिची फाइल माझ्याकडे नाही. आणि मी बघितलेलं नाही.’

‘बघता आलं असतं की.’

‘आलं असतं,’ मी म्हणाले. ‘म्हणूनच नाही बघितलं.’



‘आमच्या शाळेत शंभर टक्के हजेरीचं बक्षीस असतं,’ मग ते म्हणाले. ‘एकवीस वर्षं मी स्वतःच्या हातानं देतोय. यंदा बंद केलं. पोरांना म्हटलं, ताप असला तर घरी झोपायचं आणि खरं सांगायचं. सगळे शिक्षक माझ्या तोंडाकडे बघत राहिले. आणि मॅडम, मी तुम्हाला निकाल विचारायला फोन नाही केला. सांगायला केलाय. मयूरी म्हणाली, बाबा, बाईंना तुम्हीच सांगा. ऐकताय ना?’ त्यांचा आवाज पुन्हा खणखणीत झाला होता.

समोर फ्राऊ बेनके होती, रांगेत पाच-सहा मुलं होती. आमच्या अकोल्याच्या शाळेत निकाल बसून ऐकायचा नाही, असा दंडक होता. मी खुर्ची मागे सरकवली आणि उठून उभी राहिले.

‘सांगा, सर,’ मी म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल अशा मराठीत.